आत्याबाईंची पेज

आत्याबाईंच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला आवणीच्या वेळी, भाताची रोपं लावताना, दगड लागला, आणि दसरा आला तरी जखम बुजेना. सासूला मी आत्याबाई म्हणायची, माहेरच्या रीतीने. मुरबाडच्या डॉक्टरांनी त्यांची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळली. ती विटेसारखी लाल झाली.

"मधुमेह आहे, बाई. आजपासून भात बंद. साखर, गूळ, कंद बंद. नाहीतर अंगठा कापावा लागेल."

त्यांनी सगळं कागदावर लिहून दिलं. घरात अक्षर ओळखणारी मी एकटी, तीही तिसरीतून शाळा सुटलेली. म्हणून आत्याबाईंचं ताट माझ्याकडे आलं. मी माळशेजच्या वरची, टोकावड्याला येऊन वर्षच झालेलं. काही चुकलं तर रडायलाही घाट चढून जावं लागणार. रोज चुलीपुढे बसून त्या कागदावर बोट फिरवायची.

दुपारी नाचणीची एक भाकरी, माठाची नाहीतर कारल्याची भाजी, कुळथाचं कढण. रात्री अर्धी भाकरी नि ताक. भाताच्या गावात घरच्या माणसाला भात न वाढणं म्हणजे त्याला पानावरून उठवणंच. शेजारीण अंगणातून ऐकवायची, "घाटावरची सून हाय गो, बाजरी खाणाऱ्यांची. सासूला उपाशी मारून कणगी राखते!"

आत्याबाई आतून ओरडायच्या, "तुझ्या ताटातला भात काढलाय का तिनं? मंग गप रव!"

महिन्याने नवऱ्याने बैलगाडी जोडली नि आम्ही पुन्हा मुरबाडला गेलो. नळी पुन्हा लाल. अंगठा काळपट पडायला लागला होता.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "यांना भात कोण देतं?"

"आईशप्पत, शीतसुद्धा नाही दिलं," मी म्हणाले.

"सकाळी उठल्यापासून पोटात काय जातं ते सांग. सगळं."

"सकाळी पेज. मोठा वाडगाभर. संध्याकाळी पडून असल्या तर अजून एक."

पेज म्हणजे घरात सगळ्यांची सकाळची न्याहारी, नि आजाऱ्याचं तर खाणंच ते. मी हिवतापाने पडले होते तेव्हा आत्याबाईंनीच ती मला भरवली, आणि उठून बसल्यावर करायला शिकवली. जो आजारी त्याला पेज; त्यात विचार करायचा तो काय? तांदूळ शिजून विरघळला की त्याला भात कोण म्हणतं? उलट बाई खंगली म्हणून मी एक मूठ जास्तच टाकत होते.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अगं, पेज कशाची करतेस?"

नवरा दारात मान खाली घालून उभा. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "पोरीवर नका डाफरू, डाक्टर. मीच मागून घेत व्हते. जिभेची सवय नाय सुटत."

त्यांनी एकदाही मागितली नव्हती. मी हातात दिली म्हणून त्या प्यायल्या होत्या.

"पंधरा दिवस बघतो," डॉक्टर म्हणाले. "मग माझ्या हातात काही नाही."

दुसऱ्या दिवशी मी चुलीवर पेज ठेवलीच नाही. आत्याबाईंपुढे कढण ठेवलं.

"तुझी पेज कुठंय गो?"

"मला नको."

"नको कशी? माझ्यापायी तू का उपाशी रवतेस? कर नि माझ्यापुढं बसून पी."

मी प्यायले. त्या कढण फुंकत माझ्या वाडग्याकडे बघत होत्या.

"मीठ बरोबर पडलंय का?"

पंधरा दिवसांनी नळी लाल झाली नाही, निळ्याची नुसती हिरवट झाली. अंगठ्याला खपली धरली. पौषात म्हसा गावच्या जत्रेला त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीतून उतरल्या नि सगळा बैलबाजार पायी फिरल्या. नख मात्र पुन्हा आलं नाही.

पेज त्यांना नंतर कधी मिळाली नाही. पण रोज सकाळी माझ्या वाडग्याकडे बघून त्या विचारायच्याच, मीठ बरोबर पडलंय का. आणि कितीही चांगली झालेली असली तरी मी म्हणायची, "नाय ओ आत्याबाई, आज अळणीच झालीय."