रेझोनन्सला कुंकू

आमच्या नांदेडच्या घरातली मागची खोली कोणाची, हा वाद दसऱ्याला मामा मिटवणार होते. वडिलांना ती भाड्याने द्यायची होती. मला तिथे माझा मॉड्युलर सिंथेसायझर ठेवायचा होता. म्हणजे भिंतभर बटणं, दिवे आणि लोंबणाऱ्या वायरी. वायर इकडची तिकडे लावली की आवाज बदलतो. वडील त्याला टेलिफोन एक्स्चेंज म्हणत. मुखेडहून येणाऱ्या मामांना तो आवडला तर खोली माझी, नाहीतर भाडेकरूची. मामांचा शब्द वडिलांनी मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

सगळी मदार फिल्टरवर होती. फिल्टर आवाजातला चिरका भाग कापतो, आणि जिथे कापतो तिथल्या सुराला रेझोनन्सचं बटण फुगवतं. थोडं फिरवलं तर आवाजाला गोडवा येतो. जास्त फिरवलं तर फिल्टर स्वतःच शिट्टी मारत सुटतो. किंचाळायच्या केसभर आधी थांबायचं, एवढंच कौशल्य. ते जमवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला होता, आणि मला त्याचा गर्व होता.

दसऱ्याच्या सकाळी आईने घरातल्या औजारांची पूजा केली. विळी, शिलाई मशीन, मिक्सर, आणि माझं यंत्रही. वर झेंडूचं फूल, बटणांना ओलं हळदीकुंकू.

“एकबी बटन सोडलं न्हाई म्या,” ती म्हणाली. मला भरून आलं. घरात तिला एकटीलाच ते यंत्र आपलं वाटलं होतं. कुंकू बटणाच्या दांड्यावरून आत उतरलं असेल, हे डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी मामा आले, आपट्याची पानं देऊन खुर्चीत बसले. मी खर्ज लावला. मामांची मान डोलली. हुरूप येऊन मी रेझोनन्स जरा वाढवला, तर बटण खरखरलं आणि एकदम शिट्टी! मागे फिरवायला गेलो तर ते अडकलेलं. जोर लावला तर टोपण हातात आलं, आत कुंकू वाळून घट्ट बसलेलं.

“काऊन बोंबलून राहिलं ते?” मामांनी कान झाकले.

दुसऱ्या वायरीतून उलटा व्होल्टेज देऊन मी रेझोनन्स खाली ओढून पाहिला. शिट्टी दबली, थरथरली, आणि दुप्पट जोमाने परतली. शेवटी प्लगच उपटला. कुंकवाचं सांगितलं असतं तर कदाचित सुटलो असतो, पण समोर आई उभी होती.

“लई ताप हाय हा. द्या खोली भाड्यानं,” मामा म्हणाले.

“उद्याच काढतो हे बाहेर,” वडील खूश झाले. मला फक्त रडायचं बाकी होतं.

“आज पूजलेलं उद्या बाहेर काढता व्हय?” आई म्हणाली.

“बिघडलंय ते. काय कामाचं?”

“मग आधी व्हरांड्यातली तुमची स्कूटर काढा. किती वर्सं झाली, नुसती खोकती. तरी म्या दर दसऱ्याला हार घालूनच राहिले.”

मामा हसू दाबत खिशातली आपट्याची पानं चाचपू लागले. वडिलांनी एकदा व्हरांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “राहू दे तिथेच. वायरी तेवढ्या नीट गुंडाळून ठेव. पायात येतात.”