ह्यांचा माफीनामा

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा मुलीने त्यांना चांगला फोन घेऊन दिला. भाईंदरचा म्हणून फेसबुकवर एक ग्रुप होता, त्यावर हे लिहायला लागले. नाल्यात टाकलेला भराव, स्टेशनबाहेर महिनोन्महिने उघडं पडलेलं गटार, कुलूप लावून ठेवलेलं वाचनालय. एक फोटो आणि खाली चार ओळी, स्वच्छ मराठीत. आयुष्यभर कंपनीत साहेबांची पत्रं टाईप केली, खाली सही साहेबांची. आता स्वतःच्या नावाने लिहायला मिळत होतं आणि लोक वाचत होते. भाजीवालासुद्धा म्हणायचा, "अंकल, कल का पोस्ट एकदम बराबर था." त्या दिवशी हे जिना चढताना गुणगुणत यायचे.

शेजारच्या इमारतीची दुरुस्ती नुकतीच झाली होती. एका ठेकेदाराने केली होती. रंगबिंग छान लागला होता. एका दुपारी तिथल्या तिसऱ्या मजल्यावरचा छज्जा कोसळला आणि खाली पापड वाळत घालणाऱ्या बाईच्या खांद्यावर आला. ती माझी मैत्रीण. गुजराती. आम्ही दोघी सकाळी बागेत एकत्र चालायचो, ती तिच्या हिंदीत बोलायची, मी माझ्या. ह्यांनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. परत आल्यावर हे पडलेल्या तुकड्यांपाशी बराच वेळ उभे होते. आतली सळई गंजून पापुद्रे सुटलेली, आणि तिच्यावर नुसता नवा गिलावा थापलेला.

आमच्या इमारतीचं काम त्याच ठेकेदाराला द्यायचं कमिटीने ठरवलं होतं. ह्यांनी फोटो टाकले आणि लिहिलं, जे पाहिलं ते सगळं. शेवटची ओळ होती, 'हा माणूस चोर आहे आणि आमची कमिटी त्याच्याच हाती आमचं घर सोपवते आहे.'

मी म्हटलं, "अहो, ते चोर तेवढं काढा."

"का? खोटं आहे का?"

पोस्ट गेली. संध्याकाळपर्यंत ती कुठल्या कुठे पोचली. लोकांनी ह्यांच्याहून कितीतरी वाईट शब्द खाली लिहिले. बहुतेकांच्या फोटोच्या जागी फुलं किंवा देव होते.

वकिलाची नोटीस आली ती एकट्या ह्यांच्या नावाने. मग फौजदारी तक्रार, बदनामीची. ग्रुप चालवणाऱ्याने घाबरून पोस्ट काढून टाकली, पण ठेकेदाराने स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवले होते. खाली लिहिणारे एकेक करून आपलं लिहिलेलं पुसून गेले. कमिटीचा सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटला तर म्हणाला, "काका, सोसायटीचं नाव खराब केलंत तुम्ही. आता फ्लॅट विकायला गेलं की लोक विचारतात."

आमचे वकील तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी पोस्टची प्रिंट टेबलावर ठेवली आणि त्या एका शब्दावर पेन टेकवलं. "काका, तुम्ही नुसती हकीकत लिहिली असती तर गोष्ट वेगळी होती."

"पण मी खरं लिहिलंय."

"नुसतं खरं असून भागत नाही. ते लोकांच्या भल्यासाठी लिहिलं हेही दाखवावं लागतं. आणि दाखवायचं तुम्ही. साक्षीदार आहेत कोणी?"

साक्षीदार म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. हात गळ्यात बांधलेला, ती पलंगावर बसली होती. बोलला तिचा मुलगा. ठेकेदाराने दवाखान्याचं सगळं बिल भरलं होतं, छज्जाही नवीन घालून दिला होता. "अंकल, आपने मम्मी के लिए बहुत किया. लेकिन हमको इसमें मत डालो. हमको यहीं रहना है." मैत्रीण माझ्याकडे बघत नव्हती. निघताना तिने पापडांचं पुडकं माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं. काय करणार होते?

मग ठाण्याच्या कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. हे इस्त्रीचा शर्ट घालून घोडबंदर रोडच्या बसने जायचे, दिवसभर बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे. कधी जजसाहेब रजेवर, कधी ठेकेदाराचा वकील गैरहजर. 'आरोपी' म्हणून पुकारा होतो, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एकदा मी सोबत गेले तेव्हा कानांनी ऐकलं.

मुलगी दुबईला असते. तिला दिवस गेले होते, आणि ह्यांच्या पासपोर्टची मुदत संपली होती. फौजदारी खटला चालू, म्हणजे नवा पासपोर्ट कोर्टाच्या परवानगीशिवाय नाही, आणि परवानगीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. फोनवर मुलगी रडली. म्हणाली, "बाबा, सॉरी म्हणून टाका ना."

तडजोडीसाठी आमच्या वकिलाच्या ऑफिसात ठेकेदार समोर बसला. मी त्याला पहिल्यांदाच जवळून बघत होते. आवाज अजिबात चढा नव्हता. म्हणाला, "काकी, माझी पोरगी सातवीत आहे. वर्गातली पोरं तिला चोराची पोरगी म्हणतात. ती आठ दिवस शाळेत गेली नाही." ते खोटं नसावं. त्याचे डोळे खरंच भरले होते. मला त्याचा राग करायचा होता, तोही नीट जमला नाही.

माफीनामा ठेकेदाराच्या वकिलाने टाईप करून आणला होता. हे वाचता वाचता थांबले. "चोर हा शब्द मी मागे घेतो. मुलीचं ऐकून मलाही वाईट वाटलं. पण 'आरोप निराधार होते' असं कसं म्हणू? छज्जा पडला ना?"

त्यांचा वकील म्हणाला, "निराधार राहणार. आणि व्हिडिओत वाचून दाखवायचं. त्याच ग्रुपवर."

व्हिडिओ आमच्या हॉलमध्ये काढला. फोन मी धरला होता. पहिल्यांदा 'निराधार'पाशी ह्यांचा आवाज बसला. दुसऱ्यांदा ते वाक्य इतकं भरभर वाचलं की आमचे वकील म्हणाले, स्पष्ट हवं. तिसऱ्यांदा हे शाळेतल्या मुलासारखे सरळ उभे राहिले आणि सगळं व्यवस्थित वाचलं. मूळ पोस्ट जितक्यांनी पाहिली नसेल तितक्यांनी तो व्हिडिओ पाहिला. खाली हसणारे चेहरेच चेहरे.

तक्रार मागे घेतली गेली, पासपोर्ट आला, आम्ही दुबईला जाऊन नातू बघून आलो. परतलो तेव्हा आमच्या इमारतीला परांची बांधलेली होती. काम त्याच ठेकेदाराकडे. हे मान वर न करता बॅग घेऊन आत गेले. फेसबुक त्यांनी स्वतःच फोनमधून काढून टाकलं आहे. मी चालायला आता एकटीच जाते.

परवा सोसायटीची वार्षिक सभा होती. हे गेले, मागच्या रांगेत बसले, तासाभरात परत आले.

"काय झालं मीटिंगला?" मी विचारलं.

"काही नाही. चहा दिला."

आणि त्यांनी टीव्ही लावला.