उखर्डू कुठे बसतो

वंदना भंगाळे मंगलाष्टकं लिहितात. बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात राहतात. मराठी शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, लिहिण्याला एकतीस. चारशेच्या वर लग्नं त्यांच्या ओळींवर लागली आहेत. त्यातली किती टिकली याची माहिती त्या ठेवत नाहीत. खाडाखोड मात्र ठेवतात.

त्यासाठी दोनशे पानी वह्या आहेत. ओळ एकाच रेघेने खोडायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी कारण लिहायचं. कारणं छोटी असतात. ‘मुलगी लाजरी नाही.’ ‘मामाशी बोलणं बंद.’ ‘यमकासाठी खोटं.’ मुलगा हर्षल एकदा म्हणाला, “आई, फायनल तेवढं टाइप करून देतो. रद्दी कमी होईल.”

“फायनल लोकांकडे असतं,” त्या म्हणाल्या. “ते कसं झालं, ते माझ्याकडे.”

गेल्या माघात त्यांना देडतलाईहून विपुल महाजनचा फोन आला. घरची केळी-कापसाची शेती. बहीण हिमानीचं लग्न ठरलेलं, सासर इंदूरचं. मंगलाष्टकं विपुलने मोबाइलवर करून घेतली होती. दोन मिनिटं लागली. सगळ्यांना आवडली. अडचण एवढीच होती की आजोबा लग्नाला येत नाही म्हणून बसले होते.

वंदनाबाई बसने देडतलाईला गेल्या. आजोबा ओट्यावर होते. वय चौऱ्याऐंशी, नाव उखर्डू.

मंगलाष्टकांत घरच्या वडीलधाऱ्यांची नावं घालायची पद्धत आहे. विपुलने सगळी नावं मोबाइलला दिली. मोबाइलने बाकीची जशीच्या तशी घेतली आणि उखर्डूचं ‘उत्कर्ष’ केलं. विपुलला चूक दिसली होती. त्याने ती तशीच राहू दिली.

“मी विचारलं, कोण हा उत्कर्ष? आपल्यात कोणी नाही,” आजोबा म्हणाले. “तं म्हणे, तुम्हीच. अपडेट झाले.”

“आजोबा, मीनिंग तो देखो ना,” विपुल म्हणाला. “प्रगती.”

“चौऱ्याऐंशी वर्षं झाली. आता कायची प्रगती?”

हिमानीचं म्हणणं वेगळं होतं. तिने वंदनाबाईंना आत स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. “मॅडम, माइकवर उखर्डू नको. इंदूरवाले अर्थ विचारतील. मी काय सांगू?”

अर्थ असा. आजोबांच्या आधीची चार भावंडं वाचली नाहीत. पाचव्या खेपेला हे झाले, तेव्हा आईने त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीने उचललं आणि पसाभर ज्वारी घेऊन आईला परत दिलं. मूल या घरचं नाही, उकिरड्यावर सापडलेलं आहे, अशी मृत्यूची समजूत करून द्यायची. ती पटली असावी. उकिरड्यावरचा म्हणून उखर्डू, आणि नाव तेच राहिलं.

“माझं नाव नाही तं मी नाही,” आजोबा म्हणाले. विषय त्यांच्याकडून संपला होता.

वंदनाबाईंनी मोबाइलची मंगलाष्टकं वाचली. वृत्त दोन ठिकाणी लंगडत होतं, पण तेवढं बँडवाले झाकतात. बाकी चांगली होती. कोणत्याही लग्नाला चालली असती.

त्यांनी आठ दिवस मागितले.

मंगलाष्टकांच्या ओळीत एकोणीस अक्षरं असतात, आणि कोणतं ऱ्हस्व, कोणतं दीर्घ हे आधीच ठरलेलं असतं. वंदनाबाई ते स्टीलच्या डब्यावर वाजवून पाहतात, दीर्घाला तळवा, ऱ्हस्वाला बोट. बाराव्या अक्षरावर श्वास घ्यायचा. ‘उखर्डू’ हे नाव त्या ओळीत दोनच जागी बसतं. पहिल्या जागी बसवलं तर श्वास मधेच येतो आणि ‘उख’ व ‘र्डू’ असे दोन आजोबा होतात. राहिली एक जागा, शेवटाकडची. तिथे श्वासानंतर, नावाच्या आधी दोन दीर्घ अक्षरं मावतात, नंतर एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ. ‘आजोबा’त तीन दीर्घ आहेत.

दुसऱ्या खेपेला त्या नावाआधीची जागा मोकळी सोडलेल्या ओळी घेऊन गेल्या.

“शेवटी ‘उखर्डू रडे’ केलंय.”

“मी रडत नसतो, बाई.”

“मग ‘उखर्डू हसे’?”

“नातीच्या लग्नात? लोक म्हणतील, म्हातारं फिरलं.”

“तुम्ही करणार काय तिथं?”

“उभा राहीन. अजून काय करणार?”

वंदनाबाईंनी ‘रडे’ आणि ‘हसे’ खोडलं. शेजारी लिहिलं, ‘ते म्हणतात, नाही.’ मग अडचण सांगितली, की ‘आजोबा’ मावत नाही.

“तं आजा म्हणा ना. ही लहान होती तं आजाच म्हणायची. कॉलेजात गेली आन् आजोबा झालो मी.”

तिसऱ्या खेपेला ओळ पुरी होती. वंदनाबाईंनी ती ओट्यावरच चालीत म्हटली:

मातीनेच दिला पुन्हा उचलुनी, आजा उखर्डू उभा

आजोबांनी पुन्हा म्हणायला लावली. मग म्हणाले, “उकिरडा गाळला तुम्ही.”

“माती म्हटलंय.”

“खतच होतं. चालते.”

हिमानी दारात उभी होती. “माइकवर एकदाच ना?” तिने विचारलं.

“एकदाच येते ओळ.”

ती आत गेली. याला होकार धरावा असं ठरलं.

लग्न बुऱ्हाणपुरात, एका मंगल कार्यालयात झालं. मंगलाष्टकं वंदनाबाईंनीच म्हटली. आजोबा पहिल्या ओळीपासून उभे होते. आपली ओळ आली तेव्हा त्यांनी टोपी नीट केली. अंतरपाट निघाला, हार झाले, अक्षता पडल्या. माइक बंद व्हायच्या आत सासूबाई हिमानीकडे वाकल्या.

“वो गाने में नाम आया ना, उखर्डू. यानी?”

वंदनाबाईंनी वही मिटली नव्हती.

“आजा हैं मेरे,” हिमानी म्हणाली. “पैदा होते ही उकिरडे पे रख दिया था. कचरे के ढेर पे.”

“हे राम. फिर?”

“फिर क्या,” हिमानीने हार सरळ केला. “उठा लिया.”