नवव्या महिन्याची तीस

ग्वाक मिर्योंग ही कोरियातल्या आमच्या देजॉनच्या कचेरीतली सगळ्यांत जुनी प्रोग्रामर. आम्ही तिला ताई म्हणायचो. गेलेल्या माणसांच्या तिथ्या सांगणारं आमचं ॲप तिनेच उभं केलेलं. नाव दाबलं, की यंदा त्या माणसाचं ताट कोणत्या दिवशी वाढायचं ते कळतं.

नामहे बेटावरच्या एका आजींची तक्रार आली होती. ‘पोराचं नाव दाबलं की ॲप बंद पडतं. नवऱ्याचं उघडतं. पोराचा दिवस जवळ आलाय, लवकर बघा.’

आमचा साहेब प्यो गीहुन म्हणाला, “आजींचा फोनच म्हातारा झालाय. आपल्याकडे चालतंय ना? मग मिटवा.” मिटवली. आपल्याकडे चालणारच होतं. तपासायला घातलेली आमची खोटी माणसं सगळी महिन्याच्या मध्यावर मेलेली.

ताई रजेवरून परतली आणि मिटवलेल्या तक्रारी चाळायला बसली. प्यो याला उकिरडा उकरणं म्हणायचा. ही तक्रार वाचून तिने तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर.

“आजी, मुलगा कोणत्या तिथीला गेला?”

“नवव्या महिन्याची तीस. आजच की. तुमचं ते उघडेना, मग मीच बोटं मोजली. काल एकोणतीस होती. मासे तळून झालेत, आता भात टाकते.”

ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. आमचे तिथ्यांचे महिने चंद्राचे, कधी तिसाचे, कधी एकोणतिसाचे. यंदा नववा महिना एकोणतिसाचाच होता. आज दहाव्याची पहिली. तीस नसली की एकोणतीसलाच ताट वाढायचं, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. प्रोग्रामला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. तो नसलेली तीस शोधायचा आणि कोसळायचा. ती ओळ ताईनेच लिहिलेली.

खोटं बोलून सुटता आलं असतं. मी तर बोललेच असते.

“आजी, यंदा तीस नाही. दिवस काल होता. चूक माझी आहे.”

गेलेल्याला आत येता यावं म्हणून तिथीच्या रात्री आमच्याकडे दार किलकिलं ठेवतात.

“म्हणजे काल येऊन गेला,” आजी म्हणाल्या. “मी कडी लावून निजले होते गं.”

ताई रडत होती.

“मुलखाचा भिडस्त तो. दार वाजवायचा नाही. तसाच परत गेला असेल, उपाशी.”