आव्वाचा कारटेप

आप्पांच्या गाडीत दोनच सीटा होत्या आणि घरात आम्ही चौघं होतो. त्यामुळे ती गाडी कधी आमची झालीच नाही. ती आप्पांची राहिली.

आप्पा म्हणजे माझे वडील. गुळाचे व्यापारी. नव्वदच्या सुमाराला मुंबईच्या एका माणसाकडून त्यांनी ती जपानी गाडी घेतली. तेव्हाच ती दहा-बारा वर्षं जुनी होती. पिवळीधमक, बुटकी, दोन दारांची. बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे वर यायचे. आमच्या गल्लीतली माणसं ते बघायला थांबायची आणि म्हणायची, "डोळं उघडलं बघ तिनं." आप्पा रविवारी ती स्वतः धुवायचे, एकटेच पन्हाळ्यापर्यंत जाऊन यायचे.

गाडीत कंपनी फिटिंगचा रेडिओ-टेप होता. दोन बाजूंना दोन गोल खुंट्या, मध्ये कॅसेटची फट. रेडिओवर आपल्याकडचं एफएम लागायचं नाही, कारण तो जपानच्या स्टेशनांसाठी बनवलेला. आप्पा हे अभिमानानं सांगायचे. टेपमध्ये त्यांची नाट्यगीतांची कॅसेट अडकून बसली होती. ती कधी वाजायची, कधी नुसतीच घुरघुरायची. दुरुस्त करू म्हटलं की आप्पा म्हणायचे, "कंपनीनं बसवलंय ते. हात लावायचा न्हाई."

आप्पा दोन हजार सालानंतर गेले. अचानक, दुपारच्या जेवणानंतर. तेव्हा मी वारणानगरला एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि रोज एसटीनं जात-येत होते. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आईजवळच राहायचे. आईला आम्ही आव्वा म्हणतो. ती माहेरची निपाणीकडची. माहेरी कानडी, सासरी मराठी. माझा मोठा भाऊ, अण्णा, बायको-पोरांसह शेजारच्याच पेठेत वेगळा राहायचा आणि आप्पांची पेढी सांभाळायचा.

आप्पांना जाऊन पाच महिने झाले तेव्हा अण्णा एका संध्याकाळी आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. पुण्याचा हाय. जुन्या गाड्या जमवतो. सगळं मूळचं पायजे म्हणतोय, एक नटसुद्धा बदललेला चालायचा न्हाई. आप्पांनी ठेवलीच तशी हाय."

आव्वा कणीक मळत होती. तिनं विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर हाय?"

अण्णाला प्रश्नच कळला नाही. "आता तुझ्याच नावावर केली की आपण. मग?"

"मग काय न्हाई," आव्वा म्हणाली आणि परत कणीक मळायला लागली.

अण्णा गेला तशी ती हात धुऊन आली आणि मला म्हणाली, "उद्या तुला सुट्टी हाय नव्हं? गाडी बाहेर काढ. त्यातला टेप बदलायचा हाय."

मी हसले. ती हसली नाही.

"आव्वा, टेप बदलला तर ते गिऱ्हाईक घ्यायचं न्हाई."

"व्हय," ती म्हणाली. "ठाऊक हाय मला."

मला गाडी चालवता यायची. आप्पांनी शिकवली नव्हती. त्यांनी फक्त अण्णाला शिकवली. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते. पण या गाडीचं स्टिअरिंग मी त्या दिवशी पहिल्यांदा धरलं. आव्वा शेजारी बसली. इरकल लुगडं, रिकामं कपाळ, मांडीवर पिशवी. पिशवीत तिच्या कॅसेटी, कानडी सिनेमांच्या गाण्यांच्या. संकेश्वरच्या जत्रेत घेतलेल्या, बारा-तेरा तरी असतील. त्या आमच्या घरात इतकी वर्षं होत्या हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठं निघालीस गं?" आव्वानं काच खाली करून खणखणीत सांगितलं, "गाणी बसवाय."

कारटेपच्या दुकानात मालकानं आधी गाडीला दोन फेऱ्या मारल्या. मग आत डोकावला आणि मान हलवली. "ताई, यात नवा टेप बसायचा न्हाई. हे जुन्या मापाचं हाय. खुंट्यांची दोन भोकं आन् मध्ये बारकी फट. नव्याला मोठा चौकोन लागतो. डॅशबोर्ड कापाय लागंल. मालकांना पाठवा, त्यांनाच विचारतो."

"मालक मीच," आव्वा म्हणाली.

"तसं न्हाई मावशी. भाऊ, मुलगा, कुणी असंल की. उद्या येऊन आमच्यावर वरडायला नको."

"मुलगा वरडंलच. तुमच्यावर न्हाई, माझ्यावर. तुम्ही टेप दाखवा."

त्यानं आधी सीडीचे टेप काढले. आव्वानं पिशवीतली कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "हे वाजलं पायजे." शेवटी कॅसेटचाच एक चांगला टेप निघाला, पुढची पट्टी काढून खिशात ठेवता येणारा. कापायच्या आधी वाजवून बघू म्हणून मालकानं जुना टेप बाहेर ओढला, त्याच्या वायरी तोडून नव्याला जोडल्या आणि नवा तसाच लोंबकळत ठेवून चालू केला. अर्धा मिनिट खरखर झाली. मग जळका वास आला आणि सगळं बंद.

"बघा," मालक जवळजवळ खूश होऊन म्हणाला. "ह्या गाडीला नवं चालायचं न्हाई. वायरिंग म्हातारं झालंय. परत पहिलाच बसवून देतो."

आव्वानं माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यभर पोरांना विजेचे धडे शिकवले होते आणि त्या दुकानात खांबासारखी गप्प उभी होते. मला स्वतःचाच राग आला.

मी म्हणाले, "परत बसवू नका. दोन्ही टेप डिकीत ठेवा. मी बघते."

"तुम्ही?" तो म्हणाला. त्याचे कामगार हसले ते मी ऐकलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी रजा काढून त्या गाडीत अक्षरशः उलटी पडून होते. मान सीटवर, पाय दाराबाहेर, हातात टॉर्च आणि मीटर. गल्लीतली माणसं येता-जाता थांबायची. "मॅडम, मेकॅनिक आणू का?" "नको." "ताई, तुमचं काम न्हवं हे." "मग कुणाचं?" असं चाललेलं.

भानगड सापडली ती साधीच होती. जुन्या गाडीत दोन्ही दारांतल्या स्पीकरांची एकेक वायर एकत्र करून गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती. जुन्या टेपला ते चालायचं. नव्या टेपला प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी स्वतंत्र लागतात. त्या पत्र्याला लागल्या की तो गरम होतो. वायरिंग म्हातारं वगैरे काही झालं नव्हतं. टेपही वाचला होता, फक्त फ्यूज उडाला होता.

मी स्पीकरांना नव्या वायरी ओढायच्या ठरवल्या. दार आणि गाडी यांच्यामधल्या रबरी नळीतून वायर काही केल्या सरकेना. सायकलच्या ब्रेकची तार आधी नळीतून घातली, तिच्या टोकाला वायर बांधली आणि ओढली. वायर दारात बाहेर आली तेव्हा मी एवढ्यानं ओरडले की आव्वा स्वयंपाकघरातून पळत आली.

आता उरलं ते कापणं. आणि तिथे माझाच हात थांबला.

तो काळा डॅशबोर्ड आप्पा दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसायचे. मी पेन्सिलीनं चौकोन आखला, हॅकसॉचं पातं हातात घेतलं आणि तशीच बसून राहिले. आव्वा शेजारच्या सीटवर येऊन बसली.

"काय झालं?"

"आप्पांचं हाय हे," मी म्हणाले.

तिनं पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुझ्या मामाच्या पोरीच्या लग्नाला आम्ही दोघं ह्याच गाडीतनं गेलतो. तुम्ही पोरं एसटीनं आलता. तेव्हा त्यांची कॅसेट अजून अडकायची हुती. निपाणीच्या अलीकडं मी माझी एक लावली. एकच गाणं वाजलं असंल. त्यांनी ती काढून मागं फेकली. म्हणाले, ही गाडी हाय, जत्रा न्हवं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? गप्प बसले. लग्नातबी गप्पच हुते. वैनी विचारत हुती, बरं न्हाई का म्हणून." तिनं माझ्या हातातलं पातं घेतलं. "तुझे आप्पा वाईट न्हवते. मी त्यांच्यासाठी रडलेबी. पण ते गेले. मी हाय की अजून."

आणि तिनं कापायला सुरुवात केली. पातं वेडंवाकडं जायला लागलं तशी मी तिचा हात धरला, मग आम्ही आळीपाळीनं कापलं. कडा कानशीनं घासल्या. चौकोन थोडा तिरका झाला. टेप बसला, पण डावीकडे बोटभर फट राहिली. तिथे मी काळी चिकटपट्टी लावली. सुंदर दिसत नव्हतं. पण वाजत होतं.

त्याच संध्याकाळी आम्ही राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यानं गेलो. आव्वानं दोन्ही काचा खाली करायला लावल्या. गर्दीत गाडी थांबली की लोक आधी पिवळ्या गाडीकडे बघायचे, मग मोठ्यानं चाललेल्या कानडी गाण्याकडे त्यांचे कान जायचे आणि मग आत बसलेल्या रिकाम्या कपाळाच्या बाईकडे बघायचे. एका ओळखीच्या बाईनं तोंडावर हात ठेवला. मी नकळत आवाज कमी करायला गेले. आव्वानं माझ्या हातावर चापट मारली.

अण्णाला अर्थातच घरी पोचायच्या आत कळलं. तो दारातच उभा होता. "आप्पांना जाऊन सहा महिने न्हाई झाले आन् तुम्ही गाणी लावून हिंडताय? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय गाडीत बसवायचं हाय का?" आव्वा म्हणाली. "दोनच सीटा हाईत."

त्यानं आत वाकून बघितलं. तिरका चौकोन बघून त्याचा चेहरा पडला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याचे डोळे भरले. तेवढं मात्र मला लागलं. आम्हा पोरांतला आप्पांनी त्या गाडीत शेजारी बसवलेला एकटा तोच होता. मला वाईट वाटत होतं, पण चुकलं असं वाटत नव्हतं.

पुण्याचं गिऱ्हाईक रविवारी ठरल्याप्रमाणे आलं. सभ्य माणूस. दिवे वर-खाली करून बघितले, सीटांवर हात फिरवला, मग डॅशबोर्डकडे बघून एकदम मागे सरला. "अहो, हे काय केलं? कुणी केलं?"

"मी," आव्वा म्हणाली. "पावणं, चहा घेणार का?"

त्यांनी चहा घेतला. चहा पिताना त्यांनी तीनदा सांगितलं की अशी गाडी भारतात फार थोड्या लोकांकडे असेल आणि आम्ही तिची वाट लावली. आव्वानं प्रत्येक वेळी मान डोलावली आणि बशीत अजून एक शंकरपाळी ठेवली. ते गेल्यावर तिनं जुना टेप, आत अडकलेल्या नाट्यगीतांसकट, स्वच्छ फडक्यात गुंडाळून अण्णाच्या हातात दिला. "तुला कंपनीचं पायजे हुतं नव्हं? हे घे. जपून ठेव. गाडी माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

अण्णा चार महिने घरी आला नाही. वहिनी पोरांना घेऊन यायची, त्याच्याबद्दल बोलायची नाही. मग एका सणाला तो आला, जेवला आणि गाडीच्या चाकांत हवा भरून गेला. त्या टेपमधली कॅसेट निघाली का, असं मी त्याला कधी विचारलं नाही.

आव्वा आणि मी त्या गाडीतून खूप हिंडलो. आजऱ्याला नात्यातल्या लग्नाला, बिद्रीला मावशीकडे, आणि निपाणीला तर किती वेळा. हायवेवर आव्वा मोठ्यानं गायची. तिचा आवाज चांगला नव्हता. मला कानडी अर्धंमुर्धं कळतं, उरलेल्याचा अर्थ विचारला की म्हणायची, "तुला काय करायचंय? गाडी चालव."

पाच-सहा वर्षांनी गिअरबॉक्स गेला. सुटे भाग मिळेनात. तेव्हा आव्वानं स्वतःहून सांगितलं की आता विकू. गडहिंग्लजकडचा एक गॅरेजवाला आला. टेप काढून ठेवायचा का, असं त्यानं विचारलं. अशा वेळी बहुतेक लोक काढून ठेवतात.

"ऱ्हाऊ दे की," आव्वा म्हणाली. "चांगला वाजतोय." आणि कागदांवर सही करून ती भाजी निवडायला आत गेली.