जावयावर इंग्रजीत रागवायचं तर

"ताई, रागाला 'वर' लावावं का 'संगं'?"

सोयाबीनचा दाणा दोन बोटांत धरून, मान तिरकी करून मावशी हे विचारायच्या. उत्तर मिळेपर्यंत तो दाणा खाली ठेवायच्या नाहीत.

परभणीतल्या एका लहानशा बियाणे तपासणी प्रयोगशाळेत मी रिपोर्ट टाइप करते. मावशी तिथं मदतनीस होत्या. झरीहून रोज सकाळच्या एसटीनं यायच्या. शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले ते पाहायचं, हे त्यांचं काम. मोजता मोजता त्या सगळ्यांशी बोलत, तरी मोजणी चुकत नसे. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या टेबलापाशी जाऊनच सगळ्यांना चहा प्यावासा वाटतो.

मावशींची मुलगी हैदराबादला नर्स. तिथल्याच दवाखान्यात काम करणाऱ्या केरळच्या एका मुलाशी तिनं रजिस्टर लग्न केलं आणि घरी फोन केला तो लग्न झाल्यावर. मावशी तीन महिने मुलीशी बोलल्या नाहीत. मग एकदा त्यांनीच फोन लावला, अर्धा तास तिला मनसोक्त बोलल्या, दोघी रडल्या आणि प्रकरण मिटलं. मावशींचे यजमान तर त्याच्या आधीपासूनच जावयाशी मोडक्यातोडक्या हिंदीत क्रिकेटवर बोलायला लागले होते.

"लेकीवर रागवून झालं," मावशी मला म्हणाल्या. "त्याच्यावरचं राहिलंय. ते पोटात ठिवून त्याला 'या, बसा' म्हनायचं म्हनजी खोटेपना झाला. एकदा रागवते, मगच घरी बोलावते."

"मग रागवा की हिंदीत."

"हिंदीत रागवलं की रिक्षावाल्याशी भांडल्यागत वाटतंय. जावई हाय. जरा इज्जतीनं रागवावं माणसानं."

मुलगी भाषांतर करून सांगायला तयार होती. पण मावशींना ते मान्य नव्हतं. "ती निम्मं गाळील," त्या म्हणाल्या, "आन् उरल्यालं गोड करून सांगंल."

मावशी दहावीपर्यंत शिकलेल्या. वापरलेल्या कागदाच्या कोरड्या पट्टीवर त्यांनी पहिलं वाक्य लिहून आणलं : आय ॲम अँग्री ऑन यू.

"ऑन नाही मावशी, विथ."

"विथ म्हनजी संगं ना? मी त्याच्या संगं न्हाई, त्याच्यावर हाय."

"इंग्रजीत तसंच असतं. माणसाला विथ, गोष्टीला अबाउट."

त्यांनी पट्टीवरच्या 'ऑन'वर बोट ठेवलं. "म्हनजी त्यांच्यात राग आला तरी मानूस संगंच राहतंय?"

"तसं काही नाही हो. नियम आहे नुसता."

"चांगला हाय नियम," म्हणून त्यांनी ऑन खोडलं.

मग रोज सराव सुरू झाला. सकाळी आल्या की, "आय ॲम अँग्री विथ कंडक्टर अबाउट स्टॉप." गाडी पुढं नेऊन थांबवली होती म्हणे. घरचा मिक्सर बिघडला तेव्हा आमचा वाद झाला. मी म्हटलं, वस्तू आहे, अबाउट लावा. मावशी ऐकेनात. "तिसऱ्यांदा बंद पडला. मुद्दाम करायलाय त्यो. त्याला विथच."

एकदा गुंडाळ्या उगवायला ठेवायच्या कपाटाचं दार उघडं राहिलं म्हणून साहेब सगळ्यांना बोलले. ते केबिनकडे वळताच मावशी उद्गारल्या, "सर इज अँग्री विथ अस अबाउट दरवाजा." साहेब मागं वळले. "बरोबर आहे," म्हणाले आणि निघून गेले. व्याकरणाला म्हणाले की आणखी कशाला, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

महिनाभरानं, जेवणाच्या सुट्टीत, मावशींनी पदरानं तोंड पुसलं, पट्टी समोर ठेवली आणि जावयाला फोन लावला. स्पीकर मीच चालू केला.

"आय ॲम अँग्री विथ यू," मावशी म्हणाल्या. "यू डिड नॉट आस्क मी. आय ॲम हर मदर. आय ॲम अँग्री अबाउट दॅट."

पलीकडून तो हळू म्हणाला, "येस, अम्मा. यू आर राइट. आय ॲम सॉरी."

मावशींची तयारी इथवरच होती. त्यांना वाटलं होतं तो काहीतरी उलट बोलेल, निदान सबब सांगेल. त्यांनी पट्टी उलटून पाहिली. तेवढ्यात त्यानं विचारलं, "आर यू स्टिल अँग्री विथ मी?"

मावशी पट्टीवर नसलेलं पहिलं वाक्य बोलल्या. "येस. टिल दिवाळी."

"ओके, अम्मा. देन वी विल कम."

फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि पाठ फिरवून दाणे मोजायला घेतले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची मोजणी दोनदा चुकली.

दिवाळीत मी फराळाला झरीला गेले. जावई म्हणजे उंच, बुजरा मुलगा. मावशी त्याला गल्लीत घरोघर घेऊन फिरत होत्या आणि शेजारणींना मराठी समजत असूनही इंग्रजीत ओळख करून देत होत्या, "ही इज मॅरीड टू माय डॉटर." कॉलेजात जाणारी एक पुतणी म्हणाली, "काकू, मॅरीड विथ म्हणतात."

"टू," मावशी ठामपणे म्हणाल्या. "रागाला विथ लागतंय, लग्नाला टू. ताईला इचार."

मुलगा हसला. त्याला यातलं काय समजलं कोण जाणे, पण त्यानं ताटातली तिसरी करंजी घेतली.

पुढच्या वर्षी नातू झाला आणि मावशी काम सोडून हैदराबादला गेल्या. त्यांच्या टेबलावर आता दाणे मोजायचं यंत्र आहे. ते अचूक मोजतं. आम्ही चहा आपापल्या जागेवर पितो.

गेल्या आठवड्यात मी फोन केला. नातवाच्या अंघोळीची वेळ होती आणि तिकडं जोराचं भांडण चाललं होतं. बाळाच्या टाळूवर तेल किती घालायचं यावर जावई मल्याळममध्ये बोलत होता, मावशी मराठीत.

"इंग्रजी सोडली की काय?" मी विचारलं.

"घाईत कुठं इंग्रजी? त्याचं मला कळतंय, माझं त्याला. थांबा हं ताई, लय तेल ओतायलाय बगा," असं म्हणत त्या फोन तसाच ठेवून धावल्या. मला पाण्याचा आवाज आला, बाळाचं रडणं आलं, मग दोघांचं बोलणं एकाच वेळी. मध्येच बाळ रडायचं थांबलं. मग मावशी अगदी हळू म्हणाल्या, "बग, बग, हसायलंय," आणि जावई म्हणाला, "हो, आई."