मिस ऑगस्टा कुणाची

इस्मे पॅट्रिस चिडली की कारियाकू बेटावरच्या विंडवर्ड गावातले बाप्येसुद्धा किनाऱ्यावरून दुसरीकडे सरकत. तिचा आवाजच तसा होता. वाऱ्याविरुद्ध ओरडून ओरडून कमावलेला.

तिचं घर म्हणजे ‘मिस ऑगस्टा’ ही शिडाची बोट. तिच्या बापानं, एनॉसनं, ती गावच्या वाळूवर बदामाच्या झाडाखाली बांधली आणि तिला बायकोचं नाव दिलं. पाण्यात लोटायच्या दिवशी बोकड कापला, फळ्यांवर रम शिंपडली, सगळ्या गावानं दोर ओढले. आणि कागदावर मालक म्हणून मुलाचं, क्लीटसचं, नाव लावलं. एनॉस म्हणाला, “पोरगी काय, उद्या लग्न करून जाईल. बोट घरात राहिली पाहिजे.”

झालं भलतंच. प्रवाळाचा बांध ओलांडला की क्लीटसला भडाभडा उलट्या व्हायच्या. तो ग्रेनाडाला गेला आणि टॅक्सी चालवू लागला. इस्मे मात्र शाळा सुटल्यापासून बोटीवर चढली ती उतरलीच नाही. लग्न केलं, पण नवरा म्हणाला, “आता मी किंवा बोट.” तिनं त्याला त्याच संध्याकाळी बंदरात उतरवून दिलं.

पुढे बाप थकला तशी ती एकटीच भाडं देणारे पाहुणे घेऊन युनियन, मेरो, बेक्वे अशी बेटं फिरू लागली. पुढच्या निमुळत्या जागेत झोपायचं, जिथे कूस बदलली की डोकं तुळईला आपटायचं. अंगावरचं मीठ कधी जायचं नाही. प्यायचं पाणी तांब्याच्या हिशेबात, अंघोळ समुद्रात. सकाळी उठून तव्यावर बेकच्या जाड रोट्या भाजायच्या, कॉफी करायची, आणि पाहुण्यांना सांगायचं, “बूट काढा. हे माझं घर आहे.” हे वाक्य ती रोज म्हणायची. त्यात काही खोटं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

एनॉस गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. ईस्टरनंतर त्याच्या थडग्यावर दगड बसवायचा होता, गावजेवण होतं. त्याच आठवड्यात इस्मे एका जर्मन जोडप्याला घेऊन टोबॅगो कीजच्या चिमुकल्या बेटांपाशी नांगर टाकून होती. बाई पाण्यात कासवं बघत होती, नवरा सावलीला घोरत होता. तेवढ्यात इस्त्रीचा सदरा घातलेला एक माणूस रबरी होडीतून आला, “गुड मॉर्निंग” म्हणाला आणि बूट न काढता वर चढला. खिशातून टेप काढून त्यानं बोटीची रुंदी मोजायला घेतली.

“काय चाललंय?” इस्मेनं विचारलं.

“हॉटेलकडून आलोय. इथून कापायची म्हणजे मधे बारचं टेबल बसेल. डोलकाठी ठेवू, दिवे लावायला बरी.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो थबकला. “भावानं सांगितलं नाही तुम्हाला? सौदा झालाय.”

इस्मेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं टेप हिसकावला आणि समुद्रात फेकला. त्या माणसाला तिनं हात लावला नाही, पण तो स्वतःहूनच होडीत उडी मारून गेला.

गावजेवणाच्या दिवशी ती विंडवर्डला पोचली तेव्हा अंगणात ढोल लागले होते. चुलाणावर मटणाच्या कढया, पानावर कोंबडा आणि मक्याच्या पिठाचं कूकू. आतल्या खोलीत बापासाठी वाढून ठेवलेलं ताट होतं, शेजारी रमचा पेला. क्लीटस नवा कोट घालून पाहुण्यांचं स्वागत करत होता.

“बार?” इस्मे दारातूनच ओरडली. “आईच्या नावाच्या बोटीचा बार करणार तू?”

ढोल थांबले.

“इस्मे, आज नको,” क्लीटस हळूच म्हणाला. “बाबांचा दिवस आहे.”

“बाबांच्या दिवशीच बोलणार. मला विचारलंस?”

“तुझ्यासाठीच करतोय गं. बोट म्हातारी झाली. तुझे गुडघे बघ. मी हॉटेलवाल्यांशी बोललोय, तुला तिथेच ठेवून घेतील. बारवर. सावलीतलं काम.”

“म्हणजे माझ्याच घराचं पोट फाडायचं आणि त्यात उभं राहून मी लोकांना दारू पाजायची? वर तुझे पाय धरायचे?”

बापाची बहीण, टांटी व्हेरोनिक, खुर्चीतून म्हणाली, “क्लीटस, बाळा, तू ती बोट चालवलीस कधी? मला आठवत नाही म्हणून विचारते.” मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

क्लीटसचे कान लाल झाले. “कागदावर नाव माझं आहे,” तो म्हणाला.

इस्मे वळली आणि तडक किनाऱ्यावर गेली. तिनं नांगर उचलायला घेतला. तोवर क्लीटस कोटासकट पाण्यात शिरून बोटीच्या कडेला लोंबकळला आणि कसाबसा वर आला. तिनं त्याला मदत केली नाही, अडवलंही नाही. शीड चढलं, वारा भरला, आणि दोघं बांधामधल्या वाटेनं बाहेर पडली.

बाहेर लाटा उंच होत्या. क्लीटस पांढराफटक पडला. “वळव बोट,” तो म्हणाला. “मी मालक म्हणून सांगतोय.”

“मालक? बरं.” इस्मेनं सुकाणू सोडलं आणि डोलकाठीला टेकून खाली बसली. “चालव मग.”

बोट वाऱ्यात तोंड घालून थांबली. शीड फडाफडा आपटू लागलं, आडवी काठी क्लीटसच्या डोक्यावरून गेली. त्यानं सुकाणू धरलं, ओढलं, उलटंच ओढलं. बोट मागे मागे वाहत निघाली. मागे बांधावर लाटा फुटून पांढऱ्या होत होत्या.

“इस्मे! आपटेल!”

“तुझी आहे. आपटू दे.”

“धर ना गं! पाया पडतो!”

“बोट कुणाची ते बोल.”

त्यानं दात आवळले. नाही बोलला. आणि फेस अगदी जवळ आला तेव्हा इस्मेच उठली, त्याला ढकलून तिनं सुकाणू धरलं, शीड ओढून बोट बाहेर काढली. आपण उठणार हे त्याला आधीपासून माहीत होतं, या गोष्टीचा तिला इतका संताप आला की तिला रडूच फुटलं.

क्लीटस कडेला ओणवा होऊन ओकत होता. तोंड पुसून तो म्हणाला, “बाबा मला लहानपणी डोलकाठीला बांधून ठेवायचे. उलट्या थांबेपर्यंत. तू झोपलेली असायचीस. मला ही बोट कापलेली बघायचीय, इस्मे. स्वतःच्या डोळ्यांनी.”

हे तिला ठाऊक नव्हतं. पण मन द्रवलं नाही.

“मग थडग्यावर जाऊन त्यांना शिव्या घाल,” ती म्हणाली. “मीही येते घालायला. तुझ्या पोटाला न झेपणारी बोट तुला दिली, माझ्या हक्काची मला दिली नाही. पण त्यांचा राग हिच्या फळ्यांवर का काढतोस? आणि माझ्यावर का?”

तिनं त्याला शेजारच्या पेटी मार्टिनिक बेटाच्या धक्क्यावर उतरवलं. भिजलेल्या कोटात तो फेरीबोटीची वाट बघत उभा राहिला.

त्यानंतर इस्मे कारियाकूला फिरकलीच नाही. आज या बेटाच्या आडोशाला, उद्या त्या. हॉटेलवाले फोन करून थकले, मग त्यांनी बेक्वेहून दुसरीच एक सडकी बोट उचलली. टांटी व्हेरोनिकनं मात्र क्लीटसचा पिच्छा सोडला नाही. रोज फोन करायची आणि एकच विचारायची, “लाज सापडली का?” पावसाळा तोंडावर आला तेव्हा त्यानं बोट इस्मेच्या नावावर करून दिली. निरोप पाठवला, “घे. पण माझ्या दारात येऊ नकोस.”

इस्मेनं सही केली, पण आभाराचा शब्द पाठवला नाही. “माझीच वस्तू मला दिली, त्याचे आभार कसले?” ती टांटीला म्हणाली.

त्या वर्षी बोटीचा तळ खरवडायला तिनं ती विंडवर्डच्या वाळूवर ओढली. अख्खा गाव दोराला आला. क्लीटस आला नाही. तिनं कुणाला त्याच्याबद्दल विचारलं नाही, आणि खरवडताना तिच्या हाताचा जोर बघून कुणी तो विषय काढलाही नाही.